हाडाच्या नदाफबाई

आष्ट्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एका बाईंनी माझं नाव विचारायच्या आधी मला डोळा दाखवायला सांगितलं. मला वाटलं, डोळ्यात काही गेलेलं दिसतंय. मी वाकलो. त्यांनी अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली, आतला रंग बघितला आणि मी वाईहून आलोय हे ज्यांच्याकडून कळलं होतं त्या शेजारच्या गणिताच्या सरांना सांगितलं, "वाईचं पाणी पिऊनसुद्धा पांढरेच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी शमीम नदाफ. जीवशास्त्र. पालेभाजी खात जा, वर लिंबू पिळून. आणि बसून घ्या, तुमचा चेहरा पडलाय."

चेहरा पडला होता हे खरं. मला रक्ताची भीती आहे. दाढी करताना कापलं तरी मी आरशाकडे पाठ करतो. आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या रक्ताची चर्चा भर खोलीत चालली होती. माझं आडनाव बाईंनी त्या दिवशीही विचारलं नाही आणि पुढेही नाही. मी त्यांच्यासाठी कायमचा वाईकर झालो.

बाई ठेंगण्या होत्या, सुती साडी नेसायच्या. रस्त्यानं चालताना डोक्यावर पदर असायचा आणि वर्गाच्या दारात तो खांद्यावर यायचा, म्हणजे तास सुरू झाला असं मुलं समजायची. त्यांचे वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. लहानपणी बाईंनीही ते काम केलेलं. गादीत कापसाची गाठ राहिली तर गिऱ्हाईक शिव्या घालतं, म्हणून त्यांचे अब्बा भरलेली गादी तळहातानं आणि बोटांच्या टोकांनी चाचपून बघायचे आणि शमीमला चाचपायला लावायचे. ती सवय बाईंच्या बोटांत राहिली. मुलांच्या मानेवर, जबड्याखाली, कानामागे त्यांची बोटं सहज फिरायची. मुलं पण न सांगता मान वर करायची.

लोकांना वाटायचं बाई डॉक्टरकी करतात. त्याचा त्यांना राग यायचा. "मी औषध देत न्हाई. मी फक्त बघते आणि सांगते," असं त्या प्रत्येकाला बजावत. पण बघायचं थांबवत नसत.

आमच्याकडे काखेत किंवा जांघेत गाठ आली की तिला अवधाण म्हणतात. घरातली म्हातारी माणसं त्यावर बिब्बा फासतात, चुना लावतात, कुणी चोळून चोळून गाठ जिरवायला बघतं. बाईंना हे सहन होत नसे. एकदा तुंगकडचा एक शेतकरी मुलाच्या दाखल्यासाठी कॉलेजात आला होता. एक हात अंगापासून लांब धरून चालत होता. बाईंनी त्याला थांबवलं.

"काखंत गाठ हाय?"

"हाय की. अवधाण आलंय. चुना लावलाय."

"बोटं दाखवा."

"बोटं? गाठ काखंत हाय बाई."

"काखेतली गाठ बिचारी कामावर हाय. तिला कशाला चुना फासताय? खाली काय झालंय ते बघू दे."

त्यांनी त्याची बोटं एकेक करून उलटी केली. करंगळीजवळ उसाच्या पाचटानं कापलेलं होतं, त्यात पू झाला होता. तो म्हणाला, हे तर काल-परवाचं, ह्याच्याकडं कोण बघतंय. मग बाईंनी व्हरांड्यातच धडा घेतला. शरीरभर लसिकेच्या बारीक वाहिन्या असतात, रक्तातून पाझरलेलं पाणी त्या गोळा करून परत नेतात, आणि वाटेत या गाठी म्हणजे नाके. बोटातून जंतू शिरला की काखेतल्या नाक्यावर त्याची झडती होते. तिथं झटापट होते म्हणून नाका सुजतो. "तुम्ही पोलिसालाच चुना लावलाय," असं म्हणून त्यांनी त्याला सरकारी दवाखान्याची वाट दाखवली. जाता जाता त्याला आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्या वर्षानुवर्षं प्रत्येक वर्गाला सांगत: दुखणारी गाठ बहुतेक आपली असते. न दुखता वाढत राहणारी असेल तर एक दिवसही घरात बसू नका.

लसिकेवर बाईंचा जीव होता. रक्ताचं सगळे कौतुक करतात, लसिकेला कोणी विचारत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. शिवाय रक्ताला हृदयाचा पंप आहे आणि लसिकेला पंपसुद्धा नाही. माणूस हलला, चालला, की स्नायूंच्या दाबानं ती पुढं सरकते. त्यामुळे प्राचार्यांची सभा लांबली की बाई मधेच उभ्या राहायच्या आणि भिंतीकडेनं फेऱ्या मारायच्या. "चालू द्या सर, लसिका तुंबलीय," म्हणायच्या. हळूहळू आणखी दोन-तीन जणांची तुंबायला लागली. सभा आटोपत्या झाल्या, त्याचं श्रेय मी बाईंना देतो.

त्यांचं आणि माझं पहिलं भांडण हृदयावरून झालं. शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत होतो आणि तासभर हृदय, अंतःकरण, काळीज असं चाललं होतं. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "वाईकर, तुमच्या कवींनी हृदयाला फुकट मोठं करून ठेवलंय. ती विहिरीवरची मोटर हाय. मोटर पाणी तयार करते का?"

"मग पाणी कुठलं?"

"हाडातलं. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, जखम बुजवणाऱ्या बिंबिका, सगळं हाडांच्या आत मज्जेत तयार होतंय. जन्मल्यापासून मरेपर्यंत कारखाना चालू. साखर कारखान्याचा हंगाम संपतो, ह्याचा संपत न्हाई. त्या हाडावर एक कविता दाखवा मला."

मी खरोखर शोधलं. हाडाची काडं, हाडवैर, हाडाचा शिक्षक, असं बरंच सापडलं, पण सगळं बोलण्यातलं. कविता काही हाती लागली नाही. मी तसं कबूल केल्यावर बाई खूश झाल्या. "म्हणजे लोकांना कळतंय. कवींनाच कळत न्हाई," म्हणाल्या, आणि मला डब्यातला शेंगदाण्याचा लाडू दिला.

या हाडाचा धडा त्या हाडावरच शिकवायच्या. धडा आला की खाटकाकडून दोन नळ्या उभ्या चिरून आणायच्या, एक कोवळ्या करडाची, दुसरी जून बोकडाची. करडाच्या नळीत मगज तांबडालाल, बोकडाच्या नळीत पिवळट, चरबीचा. लहानपणी सगळी हाडं रक्त करतात, मोठेपणी हातापायांच्या लांब हाडांना सुट्टी मिळते आणि कंबर, छाती, बरगड्या, मणके तेवढे कामावर राहतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसायचं. आमचे प्राचार्य माळकरी. त्यांनी वर्गात मांसाहारी पदार्थ आणू नयेत अशी सूचना काढली. बाई सूचना घेऊन थेट त्यांच्या खोलीत गेल्या.

"सर, मीठ घातलं तर पदार्थ. हे बिनमिठाचं हाय. हा पाठ हाय."

प्राचार्य सज्जन माणूस. त्यांनी विचार केला आणि पाठाला हरकत नाही म्हणाले. पुढच्या वर्षी ते नाकाला रुमाल लावून वर्गाच्या दारात उभे राहिले, नंतर आत आले, आणि शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "आमच्यातही असंच असतं का हो?"

"असतं की सर. फक्त तुमच्या नळीत आता पिवळंच जास्त सापडेल."

बाईंची मोठी खोड म्हणजे चुकीचं वाक्य त्यांना ऐकून सोडता येत नसे. समोर कोण आहे, प्रसंग काय आहे, हे त्यांना नंतर सुचायचं. स्नेहसंमेलनात संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, समाजसेवा आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे. मागच्या रांगेतून बाई म्हणाल्या, "तांबडी पेशी चार महिन्यांत मरते. पुढच्या संमेलनापर्यंत काय राहणार?" त्यांच्या मते त्या कुजबुजल्या होत्या. वर्गात शिकवणाऱ्या माणसाची कुजबुज केवढी असते ते आम्हाला त्या दिवशी कळलं. एका दहाव्याला कुणीतरी म्हणालं, बिचाऱ्यानं मुलांसाठी रक्ताचं पाणी केलं, तर त्या माझ्या कानाशी लागल्या, "निम्म्यापेक्षा जास्त पाणीच असतंय, वाईकर." मी त्यांना कोपरानं ढोसलं. त्यांना खरंच कळलं नाही मी का ढोसतोय ते.

मी आष्ट्यात हौसाबाई थोरातांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. हौसाबाई म्हणजे सत्तरीकडे झुकलेली, काटक, गोठ्यातल्या दोन म्हशींवर आणि गल्लीवर सारखीच हुकमत चालवणारी बाई. एकुलता मुलगा संपत, त्याचं बसस्टँडजवळ विजेच्या मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान. सून लवकर गेलेली. नात ऋतुजा सांगलीला शिकत होती. थोरातांच्या परसाची भिंत आणि नदाफांच्या गादीच्या दुकानाची भिंत एकच. मला माडी मिळाली ती बाईंच्या शब्दावर, आणि बाईंच्या शब्दाला त्या घरात किंमत का, ते मला पुढं कळलं.

शमीमचा जन्म झाला तेव्हा तिच्या आईला ताप चढला आणि तो महिनोन्‌महिने उतरला नाही. दूध आटलं. संपत तेव्हा हौसाबाईंच्या अंगावर पीत होता. हौसाबाईंनी भिंतीपलीकडून पोरगी मागून घेतली आणि दोघांना दोन बाजूंना घेतलं. मुसलमानांत हे नातं पक्कं मानतात. एका आईचं दूध प्यालेली मुलं ही बहीणभाऊच, त्यांचं आपसात लग्नसुद्धा होत नाही. थोरातांनीही ते तसंच मानलं. भाऊबीजेला बाई संपतला ओवाळायच्या आणि ईदेला संपत नवा शर्ट घालून शिरखुर्मा प्यायला जायचा. हौसाबाई त्यांना शमे म्हणायच्या आणि बाई त्यांना आई. बाईंचं लग्न होऊन त्या गावातच दुसऱ्या गल्लीत राहायला गेल्या, नवरा सांगलीच्या हळदीच्या पेठेत कामाला. पण कॉलेज सुटलं की एक फेरी थोरातांच्या चुलीपर्यंत व्हायचीच.

एका ईदेला मीही संपतबरोबर गेलो होतो. आलेल्या माणसाला अत्तर लावायची त्यांच्याकडे रीत. बाईंनी मला मनगटावर लावलं. संपतला कानामागून मानेवर बोट फिरवून लावलं, आणि त्यांचं बोट तिथंच थांबलं. मग दुसरं बोट आलं. मग दुसरी बाजू.

"संपा, ह्या गाठी कवापासनं?"

"कुठल्या? आसतील. दुखत न्हाईत."

बाईंनी अत्तराची कुपी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी वर्गात, सभेत, भांडणात, सगळीकडे पाहिला होता. तसा कधी पाहिला नव्हता. "शिरखुर्मा पी," म्हणाल्या, "आणि उद्या सकाळी सांगलीला जायचं. मी येणार हाय." संपत हसला आणि दुकानाचं काहीतरी सांगू लागला. त्यांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही.

सांगलीहून पुण्याला जावं लागलं. रक्ताचा कॅन्सर निघाला, गाठींतून आणि मज्जेतून दोन्हीकडे पसरलेला. पांढऱ्या पेशींची एक जात अर्धवटच तयार होऊन बेसुमार वाढत होती आणि बाकीच्यांना जागा ठेवत नव्हती. औषधांनी तो दबला. पण डॉक्टरांनी सांगितलं, हा परत उलटेल, मज्जेतल्या मूळ पेशी दुसऱ्या कुणाच्या तरी घालायला हव्यात. सख्खं भावंड असतं तर उत्तम. भावंड नाही. आईचं वय झालेलं, साखर वाढलेली, तिचं घेता येणार नाही. मुलीचं निम्मं जुळणारच, आणि हल्ली निम्म्यावरही भागवता येतं.

हौसाबाई पुण्याहून परतल्या त्या वेगळंच ठरवून. मी दूध घ्यायला खाली उतरलो होतो. बाई चुलीपुढे बसलेल्या.

"शमे, तुजं काढायचं आन संपाला घालायचं. मी डागदराला सांगून आलोय, त्येची भन हाय म्हणून."

बाईंनी कप खाली ठेवला. "आई, माजं जुळणार न्हाई."

"बघायच्या आदीच?"

"जुळतंय ते आईबापाकडनं आलेलं असतंय. दुधातनं येत न्हाई."

हौसाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग त्यांनी असं काही विचारलं की मी दुधाचं भांडं घेऊन उभाच राहिलो.

"दुधानं हाडं होत्यात, आसं तूच पोरास्नी सांगतीस. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"आन रगत हाडात होतंय म्हंतीस."

"व्हय."

"मग तुजी हाडं माज्या दुधाची. त्या हाडातलं रगत माज्या लेकाला चालत न्हाई, ह्ये कसं?"

मला तरी त्यात चूक सापडेना. बाईंना अर्थात सापडली. आणि त्यांनी ती सांगितली, कारण न सांगता राहणं त्यांना माहीतच नव्हतं. "आई, इटा तुमच्या. पर घराचा नकाशा माज्या आईबापाचा हाय. दवाखान्यात नकाशा जुळवून बघत्यात, इटा न्हाई. ऋतुजाचंच घ्यायला पायजे."

ऋतुजाचं नाव निघाल्यावर हौसाबाई उसळल्या. पोरगी बिनलग्नाची. म्हसवडचं स्थळ बोलणीवर आलेलं. तिच्या हाडातलं काढलं आणि ती कमरेतून गेली तर? लोकांना कळलं तर? खरी भीती तिथं होती. लेकाला वाचवायला नात पणाला लावायची, हे त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी बाईंकडे बोट दाखवलं होतं. पण हे त्यांच्या तोंडून निघालं नाही. निघालं ते वेगळंच.

"सख्खी आसतीस तर नकाशा काडत बसली नसतीस."

बाई उठल्या. उंबऱ्याशी थांबून चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला. एक पाय दुसऱ्या चपलेत घातला, काढला, परत घातला.

दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून पुण्याला गेल्या आणि तपासणीसाठी रक्त देऊन आल्या. डॉक्टर म्हणाले होते, तुमचा रक्ताचा संबंध नाही, गरज नाही. बाई म्हणाल्या, मला आहे. त्या परत आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला तर आधीच माहीत होतं."

"माहीत होतं. पण दाखवल्याशिवाय मी आजवर काही शिकवलं न्हाई, आणि आईंना तर नुसतं सांगून आले." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू का वाईकर, वाटलं होतं, कुणास ठाऊक, जुळलंच तर." एवढं बोलून त्या फळ्याकडे बघत बसल्या. जीवशास्त्राच्या बाईंनी असली आशा धरावी याची मला त्या वेळी फार माया आली. अजूनही येते.

जुळलं नाही. ते सांगायला त्या स्वतः गेल्या. "आई, मी परकी निघाले," म्हणाल्या, आणि लगेच पुढचं बोलल्या, रडायला वेळच न ठेवता. आता कमरेत सुई घालायची गरज बहुतेक पडत नाही. आधी काही दिवस इंजेक्शनं देतात, त्यानं मूळ पेशी मज्जेतून रक्तात उतरतात. मग एका हाताच्या शिरेतून रक्त मशीनमध्ये जातं, मशीन पाहिजे तेवढ्या पेशी ठेवून घेतं आणि उरलेलं रक्त परत देतं. हौसाबाईंनी एकच विचारलं, "आन पोरीच्यातलं उणं झालेलं?"

"म्हशीला घास कापता न्हवं तुमी? परत फुटतोय का न्हाई?"

"मूळ ठिवून कापला तर फुटतोय."

"मूळ ठेवूनच घेत्यात."

घासाचं हौसाबाईंना पटलं. ऋतुजाचं तर पहिल्यापासून ठरलेलं होतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती फोनवर म्हणाली, "आज्जी, पप्पा माझे हायत. तू कशाला नको म्हणतीस?" म्हसवडकरांना दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून बाई स्वतः तिकडे गेल्या आणि सगळं समजावून आल्या. मुलाच्या आईचा डोळाही बघून आल्या. ते लोक थांबायला तयार झाले.

एवढं सगळं झालं, पण हौसाबाईंनी बाईंना शमे म्हणणं सोडलं होतं. "मॅडम, चा घ्या." "मॅडम, आज फोन आला व्हता का?" रागावून नव्हे, अगदी अदबीनं. गल्लीत पाहुण्याशी बोलावं तसं. आयुष्यभर सगळ्या गावाकडून मॅडम ऐकलेली बाई त्या एका घरात मॅडम म्हटलं की चहा अर्धा टाकून उठायची.

इंजेक्शनांच्या दिवसांत बाई ऋतुजाजवळ पुण्याला राहिल्या. पोरीची कंबर, पाठ, छातीचं हाड ठणकायचं. "दुखतंय म्हणजे कारखाना जादा पाळी करतोय," असं सांगत त्या तिची पाठ चोळायच्या. संपतची जुनी मज्जा आधी औषधांनी पार संपवली होती. मग ऋतुजाच्या पेशी, बाटलीतून रक्त चढवावं तशा, त्याच्या शिरेतून आत गेल्या. हाडाचा पत्ता त्यांचा त्यांनाच सापडतो, हे बाईंनी मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा उत्साही होता. मला खुर्चीत बसून घ्यावं लागलं.

पुढचे दिवस वाईट होते. त्याच्या अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. साधं पडसं त्याला घेऊन गेलं असतं. रोज तपासणी, रोज शून्याच्या आसपास. बाई रोज सकाळी ऋतुजाला फोन करायच्या आणि कॉलेजच्या आधी थोरातांच्या दारात येऊन "अजून न्हाई" एवढंच सांगून जायच्या. खोटा धीर देत नव्हत्या. हौसाबाई त्या वेळी गोठ्यातून बाहेर येऊन उभ्या असायच्या. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या.

एका सकाळी बाई धावत आल्या. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं, पदर डोक्यावरही नव्हता आणि खांद्यावरही नव्हता. "आई, फुटलं," एवढंच म्हणाल्या. हौसाबाईंच्या हातात विळा होता. त्या तिथंच, घासाच्या भाऱ्यावर, बसल्या.

संपतला घरी यायला पुढं बरेच महिने लागले. आला तेव्हा डोक्यावर कोवळे केस, तोंडाला मास्क, घराबाहेरच्या कुणी भेटायला यायचं नाही, बाहेरचं खायचं नाही. याच सुमारास माझी संस्थेच्या वाईच्या शाखेत बदली झाली. मी जायच्या दिवशी सामान टेंपोत चढवून निरोप घ्यायला खाली आलो. संपत अंगणात लांब खुर्ची टाकून बसला होता आणि बाई त्याच्या पापणीत डोकावत होत्या.

"माजा रक्तगट बदलला, सर," संपत मला मास्कमधून म्हणाला. "बी होता. आता लेकीचा ए झाला. ह्या वयात."

हौसाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे? आता ह्येच्यात रगत कुणाचं?"

"ऋतुजाचं," बाई म्हणाल्या.

"माजं न्हाई?"

मला वाटलं, बाईंनी इथं काही तरी मऊ बोलावं. पण त्या नदाफबाई होत्या. "रक्त करणाऱ्या पेशी आता ऋतुजाच्या हायत, आई. जुन्या गेल्या."

हौसाबाई लेकाकडे बघत राहिल्या. त्यांना वाईट वाटलंय की काय, मला कळेना. मग त्यांनी बाईंकडे बघितलं.

"मग ह्येच्यात माजं दूधच ऱ्हायलं म्हनायचं," त्या म्हणाल्या. "आता तुमी दोगं सारकी झालासा, शमे."

हे चूक होतं. मीसुद्धा एव्हाना एवढं शिकलो होतो. संपतच्या बाकीच्या सगळ्या शरीरात हौसाबाईंचा वाटा तसाच होता, आणि ऋतुजाच्या पेशींतूनही तो थोडा परत आला होता. बाईंना हे झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी वाट बघितली. त्यांनी तोंड उघडलं, हात वर केला, वर्गात एखादं वाक्य खोडायच्या आधी करायच्या तसा. मग तो हात त्यांनी तसाच खाली आणला आणि पदरानं तोंड पुसलं.

"व्हय, आई," म्हणाल्या.

टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला म्हणून मी निघालो. गल्लीच्या वळणावरून मागं बघितलं तेव्हा बाई हौसाबाईंच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या होत्या, सूप दोघींच्या मांडीवर होतं, आणि दोघी तांदूळ निवडत होत्या.